चरबी लावलेली काडतुसे आणि नळीतले शिसे

इतिहासाच्या पुस्तकातला १८५७ चा धडा तुम्ही सर्वांनी वाचला आहे. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे, ही बातमी छावण्यांतून पसरली आणि पुढचे रामायण घडले. परीक्षेत ‘तात्कालिक कारण’ म्हणून हे उत्तर लिहून आपण गुण मिळवतो. पण विद्यार्थिमित्रांनो, एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशासाठी? बंदुकीच्या गोळीला तेलातुपाची काय गरज?

हा प्रश्न इतिहासाचा नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. आणि तो १८५७ सालातच संपलेलाही नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रकारात जी गोळी वापरतात, तिच्यावरही मेणचट वंगणाचा पातळ थर असतो. तिला बोट लावले तर बोटाला किंचित चिकट लागते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गरज आणि आजची गरज मुळात एकच आहे.

प्रथम रायफलीची नळी समजावून घेऊ. साध्या जुन्या बंदुकीची नळी आतून पाइपासारखी गुळगुळीत असे. रायफलीच्या नळीत मात्र स्क्रूच्या आट्यांसारखे, पण फार सावकाश वळत जाणारे चर कोरलेले असतात. गोळी या चरांत घट्ट बसून पुढे सरकली की तिला स्वतःभोवती फिरावेच लागते, आणि फिरणारा भोवरा जसा कलंडत नाही तशी ती हवेतून सरळ जाते. चरांत घट्ट बसायचे तर गोळी नळीपेक्षा मऊ हवी. म्हणजे चरांचा ठसा गोळीवर उमटेल, उलट होणार नाही. म्हणून शिसे. शिसे मऊ असते, जड असते, स्वस्त असते आणि ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे साच्यात ओतणे सोपे. एन्फील्डची गोळी नळीच्या तोंडातून गजाने आत ठोसावी लागे. चरांत काजळी साचली की दहा-वीस बारांनंतर गोळी आत जाईना. चरबी आणि मेण यांचे वंगण ती काजळी मऊ ठेवी आणि शिसे पोलादाला चिकटू देत नसे. चरबी होती ती यासाठी. पुढे शिपायांनी स्वतःला चालेल ते वंगण लावावे अशी मुभाही दिली गेली. पण तोवर संशय मनात बसला होता, आणि संशयावर कोणतेच वंगण चालत नाही.

आता आजच्या काडतुसाकडे वळू. नेमबाजीत आणि एन.सी.सी.त वापरले जाणारे काडतूस ‘पॉइंट टू टू’ या नावाने ओळखले जाते. म्हणजे ०.२२ इंच, साधारण ५.६ मिलिमीटर. याचा ‘लाँग रायफल’ हा प्रकार १८८७ साली अमेरिकेत तयार झाला आणि आजही तोच चालू आहे. याला ‘रिमफायर’ म्हणतात. पितळी नळकांड्याच्या बुडाला बाहेर आलेली एक कड असते. ती आतून पोकळ असून तिच्यात आघाताने पेटणारे मिश्रण भरलेले असते. रायफलीचा खिळा त्या कडेवर आपटतो, कड चेपते, मिश्रण पेटते, दारू जळते आणि गोळी सुटते. कड एकदा चेपली की ते नळकांडे कामातून गेले. मोठ्या रायफलींचे काडतूस पुन्हा भरता येते, याचे नाही. त्यामुळे या खेळातल्या नेमबाजाला आपल्या मनाजोगे काडतूस घरी बनविता येत नाही. कारखान्यातून जे येते त्यातूनच निवडायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या गोळीचे वस्तुमान सुमारे २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसातून ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने बाहेर पडते. नळीतला तिचा प्रवास अवघ्या अडीच-तीन सहस्रांश सेकंदांचा. त्या वेळात तिच्या पाठीशी वातावरणाच्या हजार-दीड हजार पट दाबाचा तप्त वायू असतो आणि चहूबाजूंनी पोलाद तिला घासत असते.

मग शिसे वितळते का? वर्गात हा प्रश्न मी विचारतो तेव्हा निम्मे हात ‘हो’ म्हणून वर जातात. गणित करून पाहू. शिशाचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला दर अंशाला ०.१३ जूल. खोलीच्या २७ अंशांपासून ३२७ अंशांपर्यंत न्यायला दर ग्रॅमला ३९ जूल लागतील. वितळण्याचा अप्रकट उष्मा आणखी २३ जूल. एकूण ६२. म्हणजे २.६ ग्रॅमची सबंध गोळी वितळवायला सुमारे १६० जूल हवेत. गोळीची गतिज ऊर्जा किती? वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग: सुमारे १४० जूल. घर्षणाच्या वाट्याला येणारी ऊर्जा याच्या मानाने थोडी. तेव्हा सबंध गोळी नळीत वितळणे शक्य नाही, हे उघड झाले.

पण तेवढ्यावर थांबू नका. सबंध गोळी कशाला वितळायला हवी? घर्षण होते ते कातडीला. गोळीचा परीघ साडेसतरा मिलिमीटर आणि नळीला टेकणारी लांबी पाच मिलिमीटर धरली, तर टेकणारे क्षेत्रफळ जवळजवळ ८८ चौरस मिलिमीटर झाले. त्यावरचा एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा थर घ्या. त्याचे वस्तुमान भरेल १० मिलिग्रॅम. तो वितळवायला लागतील अवघे ०.६ जूल! गोळीच्या गतिज ऊर्जेचा अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे कातडी मऊ पडणे किंवा जागोजागी वितळणे हे मुळीच अशक्य नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडेथोडे खरे निघाले. मला हे गणित आवडते ते याचसाठी.

शिवाय शिसे मागे राहायला ते वितळलेच पाहिजे असेही नाही. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिसे नसून ग्रॅफाइट असते. तरी नाव उगीच पडलेले नाही. खऱ्या शिशाचा तुकडा कागदावर ओढला तर त्याचीही करडी रेघ उठते, आणि पूर्वी अशा शिशाच्या काड्यांनी लिहीतही असत. कागदाच्या सूक्ष्म खडबडीत शिशाचे कण अडकतात आणि मूळ तुकड्यापासून तुटतात. थंड शिसे, हळू हात, तरीही रेघ उठते. नळीतही हेच घडते. पोलाद आपल्याला आरशासारखे दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर टेकड्या-दऱ्या असतात. प्रत्येक गोळी तिथे आपली रेघ ओढून जाते. पुढची गोळी त्या रेघेवर घासते, आणि शिसे पोलादापेक्षा शिशाला अधिक आवडीने चिकटते. थरावर थर बसू लागतो.

तिसरे कारण आणखी गमतीचे आहे. गोळी नळीपेक्षा किंचित सैल असेल, तर तिच्या कडेने तप्त वायू पुढे निसटतो. हा बारीक झोत वेल्डरच्या ज्योतीसारखा गोळीची कड कापीत, वितळवीत जातो आणि ते शिसे पुढच्या नळीवर शिंपडतो. यावर उपाय म्हणून शिसे कठीण करावे असे वाटेल. अँटिमनी किंवा कथील मिसळले की शिसे कठीण होतेच. पण मग एक अडचण येते. मऊ गोळीचे बूड वायूच्या दाबाने फुगून नळी घट्ट बंद करते. फार कठीण गोळी फुगत नाही, फट राहते, वायू निसटतो आणि शिसे उलट जास्तच साचते. म्हणून ‘पॉइंट टू टू’ची गोळी मऊच ठेवतात आणि तिला वंगण चोपडतात.

आम्हा भिवंडीकरांना हे वंगण समजायला अवघड जाऊ नये. यंत्रमागावर चढविण्याआधी ताण्याचे सूत सायझिंगमध्ये खळीतून काढतात. खळ बसली की सुताचे उभे राहिलेले तंतू दबतात, सूत गुळगुळीत होते आणि फणीच्या दातांतून हजारो वेळा घासूनही तुटत नाही. खळ पातळ झाली, तर फणीपाशी तंतूंचा भुगा साचतो आणि धागे तुटू लागतात. पोरवयात मागाजवळ उभे राहून हा भुगा मी पुष्कळ झटकला आहे. गोळीवरचे मेण म्हणजे गोळीची खळ समजा. फरक एवढाच की हे मेण नळीलाही आपला थोडा अंश देऊन जाते. पाच-पंचवीस बारांनंतर नळीच्या आत मेण, काजळी आणि थोडे शिसे यांचा एक पातळ, एकसारखा लेप तयार होतो. पुढच्या गोळ्या पोलादावरून जात नाहीत, या लेपावरून जातात.

यातूनच एक गोष्ट निघते, जी प्रथम ऐकणाऱ्याला उलटी वाटते. अगदी स्वच्छ केलेली नळी लगेच अचूक मारीत नाही. लेप बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. स्पर्धेत मोजल्या न जाणाऱ्या गोळ्या आधी झाडायला मिळतात. नेमबाज त्यांना ‘सायटर’ म्हणतात. त्या साइटचे स्क्रू जुळविण्यासाठी असतात हे खरे, पण नळीही त्याच वेळात आपला लेप जुळवून घेते. आणि लेप वाढतच गेला, तर मात्र अचूकपणा पुन्हा बिघडतो. तेव्हा शत्रू कोण? लेप नव्हे, लेपातला बदल. एकसारखे घर्षण असेल तर नेमबाज त्याची सवय करून घेऊ शकतो. दर गोळीला बदलणाऱ्या घर्षणाची कोण सवय करणार?

हा बदल किती महाग पडतो, तेही मोजता येते. ५० मीटर जायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट हे धरूनच जुळविलेली असते. आता एखादी गोळी सेकंदाला १० मीटर कमी वेगाने निघाली, म्हणजे वेग तीन टक्क्यांनी घटला, तर वेळ तीन टक्क्यांनी वाढला आणि पडण्याचे अंतर, जे वेळेच्या वर्गावर अवलंबून असते, सहा टक्क्यांनी वाढले. गोळी साडेसात मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अंतिम फेरीत दशांशांत गुण देतात: मध्यापासून दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण कमी. म्हणजे नेमबाजाने सर्व काही अचूक केले तरी १०.९ ची गोळी १०.० वर येईल. पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्निलचे ४४ गोळ्यांना ४५१.४ गुण झाले. सरासरी काढा: १०.२६. एवढ्या बारीक मापाच्या खेळात ०.९ गुण म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तर मग काडतूस निवडायचे कसे? पहिली निवड वेगाची. बाजारात ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसे मिळतात. त्यांच्या गोळ्या सेकंदाला ३७० ते ३९० मीटर वेगाने निघतात. जास्त वेग म्हणजे जास्त चांगले, असे कोणालाही वाटेल. पण हवेतील ध्वनीचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. ही गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाच्या खाली येते. ते ओलांडताना तिला धक्के बसतात. त्यात आणखी नवल असे की आडव्या वाऱ्यात ही वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त वाहवते. कारण वाऱ्याने किती वाहवायचे ते एकूण वेळेवर ठरत नसून, हवेच्या विरोधामुळे किती उशीर झाला यावर ठरते. आणि ध्वनीच्या वेगापाशी हवेचा विरोध एकदम वाढतो. नळीत घर्षण अधिक, म्हणून अशा गोळीवर पुष्कळदा तांब्याचा अगदी पातळ मुलामा देतात. त्याने नळीत शिसे कमी लागते आणि हातालाही कमी लागते. पण अचूक स्पर्धेसाठी बहुतेक जण ध्वनीपेक्षा संथ, बिनमुलाम्याची, मेण लावलेली गोळीच पसंत करतात. म्हणजे १८५७ चीच कल्पना, फक्त चोख मापात.

दुसरी निवड लॉटची, आणि हीच खरी डोकेदुखी. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे काडतूस. पण वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या दोन लॉटपैकी एक तुमच्या नळीत छान चालते, दुसरे चालत नाही. तुमच्या मित्राच्या नळीत नेमके उलटे! नळ्यांच्या व्यासातला, गुळगुळीतपणातला सूक्ष्म फरक आणि लॉटच्या गोळीतला, मेणातला, दारूतला सूक्ष्म फरक यांची जोडी जमावी लागते. पुन्हा भरण्याची सोय नाही, हे वर पाहिलेच. म्हणून इंग्लंडमधील एली आणि जर्मनीतील लापुआ यांसारखे कारखाने नेमबाजांची रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळे लॉट झाडून पाहण्याची सोय देतात. जो लॉट सर्वांत लहान झुबका करील, त्याची खोकी नेमबाज घेऊन जातो. माणसाचा हात बाजूला काढला की नळी आणि काडतूस एवढेच उरते, आणि दोष कोणाचा ते कळते.

ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. १९९८ साली कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होतो. एका शिबिरात २५ यार्डांच्या रेंजवर पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या होत्या. आदल्या दिवशी माझा झुबका रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला होता. निवडीच्या दिवशी तो तळहाताएवढा पसरला. उस्तादांनी श्वासाला आणि ट्रिगरला दोष दिला आणि माझे नाव संघातून गेले. संध्याकाळी रायफली साफ करायची पाळी माझीच होती. पितळी ब्रश फिरवून पुलथ्रूने चिंधी ओढली, तर काळ्या काजळीत चंदेरी पापुद्रे चमकत होते. त्या रायफलीतून दिवसभर किती गोळ्या गेल्या होत्या कोण जाणे. वर्षानुवर्षे मी स्वतःची समजूत घालीत आलो की दोष त्या पापुद्र्यांचा होता. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर तसे सिद्ध होत नाही. रायफल शिकंज्यात नव्हती, काडतुसे आदल्या दिवशीच्याच लॉटची होती की नाही हे मी पाहिले नव्हते, आणि पाच गोळ्यांचा एकच झुबका हा काही पुरावा नव्हे. नाणे पाच वेळा उडवून चारदा छाप आला, म्हणून कोणी नाण्याला खोटे म्हणत नाही. आदल्या दिवशीचा लहान झुबका हाही नशिबाचा भाग असू शकतो, हे तर मला पटायलाच वीस वर्षे लागली! शिक्षकमित्रांना विनंती, की ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा प्रयोगाचा नियम शिकविताना लंबकाबरोबर हेही उदाहरण घ्यावे.

साचलेले शिसे काढण्याचा मार्ग साधा आहे. वंगण लावून थोडा वेळ मुरू द्यायचे, मग पितळी किंवा काशाचा ब्रश आणि त्यामागून सुती चिंध्या. गज शक्यतो मागच्या बाजूने घालायचा, कारण गोळी शेवटचा स्पर्श करते तो नळीच्या तोंडाच्या कडेला. ती कड गजाने झिजली तर सगळेच बिघडले. शिसे प्रामुख्याने दोन ठिकाणी सापडते. एक, काडतूस बसते त्याच्या लगेच पुढे, जिथे गोळीवर प्रथम ठसा उमटतो आणि वायू सर्वांत तप्त असतो. दुसरे, नळीच्या तोंडाकडे, जिथपर्यंत पोचताना मेण संपत आलेले असते. ‘पॉइंट टू टू’मध्ये ज्याला लोक सरसकट शिसे म्हणतात, त्यातला बराचसा भाग प्रत्यक्षात मेण आणि काजळी यांचा असतो आणि तो पुसला की जातो. खरे शिसे चंदेरी दिसते आणि हट्टी असते. काहीजण तांबे विरघळविणारी अमोनियाची द्रावणे वापरतात. शिशावर त्यांचा काही उपयोग नाही. पूर्वी पारा वापरण्याचीही रीत होती. ती सोडून दिली हे फार बरे झाले. पाऱ्याची वाफ विषारी.

चांगल्या नळ्या कशा बनवितात माहीत आहे? नळीतच शिसे ओतून त्याचा गज घडवितात, त्याला बारीक घासणारी पूड आणि तेल लावतात आणि तो शिशाचा गज हाताने मागे-पुढे फिरवून नळी आतून घासतात. पोलादाच्या टेकड्या झिजतात, नळी गुळगुळीत होते आणि पुढे तिच्यात शिसे कमी चिकटते.

आता शिशाची दुसरी बाजू. शिसे शरीरात गेले तर मेंदू, रक्त आणि मूत्रपिंडे यांना अपाय करते आणि वाढत्या वयाच्या मुलांना तो अधिक होतो. काडतुसाच्या कडेतल्या मिश्रणातही बहुधा शिशाचे संयुग असते, त्यामुळे प्रत्येक बाराबरोबर थोडी धूळ हवेत येते. म्हणून बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती ठेवतात आणि जमीन कोरडी झाडत नाहीत. रेंजवर काही खायचे नाही. रायफल साफ केली की, किंवा नुसती काडतुसे हाताळली तरी, साबणाने हात धुवायचे. चिंध्या वेगळ्या पिशवीत बंद करून उस्तादांच्या स्वाधीन करायच्या. साफसफाई सुरू करण्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री उस्तादांकडून करून घ्यायची, हे तर सर्वांत आधी. ही चिमुकली गोळी दीड किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते. घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत काडतुसाचा कसलाही प्रयोग करायचा नाही. तो कायद्यानेही गुन्हा आहे आणि जिवावरही बेततो.

प्रयोग नाही, पण गणित करायला हरकत नाही. ‘पॉइंट टू टू’च्या नळीतले चर सामान्यतः दर १६ इंचांना, म्हणजे ४०६ मिलिमीटरना, एक पूर्ण फेरा घेतात. गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर ती स्वतःभोवती सेकंदाला किती वेळा फिरेल? तुमचे उत्तर ८१२ च्या आसपास आले पाहिजे. मग ५० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोचेतो तिचे किती फेरे होतील, तेही काढा. वेळ वर दिलेला आहे.